टीबीचा रिपोर्ट दोन महिन्यांनी? नाही!

"बेडका दिला की दोन महिने वाट बघायची," असं कसबा पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकू परवा पुन्हा म्हणाल्या. ही जुनी गोष्ट झाली. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला साधारण २० तास. म्हणून बाटलीतल्या हिरवट माध्यमावर तो दिसायला ६ ते ८ आठवडे जायचे. सीबीनॅट ही बेडक्याची मशीनवरची तपासणी मात्र जंतू वाढायची वाटच बघत नाही, थेट त्याचा डीएनए शोधतं. सकाळचा, खोल खोकून काढलेला बेडका मशीनच्या कार्ट्रिजमध्ये (छोट्या डबीत) गेला की साधारण दोन तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का, दोन्ही कळतं. सरकारी केंद्रात तेही मोफत. कल्चर, म्हणजे बाटलीत जंतू वाढवून बघणं, अजून लागतंच, इतर औषधं लागू पडतील का हे बघायला. पण काकू, नातवाला त्यासाठी थांबवू नका, उद्याच पाठवा.