शैक्षणिक कर्ज सरकारी योजनेतून घ्यावं की खासगी संस्थेकडून? मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

‘सरकारी कर्ज’ म्हणून ज्याची चर्चा होते ते कर्जही बँकच देते. केंद्र सरकार त्यावर दोन गोष्टी करतं: बँकेला हमी देतं आणि पात्र विद्यार्थ्याच्या व्याजाचा काही भाग किंवा सगळं व्याज भरतं. त्यामुळे योजनेत सहभागी असलेल्या खासगी बँकेकडूनही हे कर्ज मिळू शकतं. एनबीएफसीच्या, म्हणजे बिगर-बँक वित्तसंस्थेच्या कर्जाला मात्र ही व्याजसवलत लागू होत नाही. व्याजदर विचारण्याआधी आपण कोणत्या योजनेत बसतो ते पाहा.

पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झाली. इथे आधी पाहिली जाते ती संस्था. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत पहिल्या 100 मधल्या संस्था, 101 ते 200 मधल्या राज्य सरकारी संस्था आणि केंद्र सरकारच्या संस्था तिच्या यादीत येतात. पवईची आयआयटी किंवा माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) यात येते. तुमचं कॉलेज येतं का, हे पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवरच्या चालू वर्षाच्या यादीत तपासा, कारण यादी दरवर्षी बदलते. प्रवेश गुणवत्तेवर हवा, मॅनेजमेंट कोटा चालत नाही. कर्जाला तारण लागत नाही, जामीनदारही नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष 3 टक्के व्याज सरकार भरतं. याचा लाभ वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच आहे. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत असाल तर हा लाभ मिळत नाही. म्हणून महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर मिळणारी शुल्कमाफी आणि ही सवलत यांचा हिशोब आधी मांडा. बहुतेकांना शुल्कमाफीच जास्त फायद्याची पडते, कारण तिथे मुळात कर्जच कमी घ्यावं लागतं.

उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत असेल आणि नॅक किंवा एनबीए या मूल्यमापन संस्थांची मान्यता असलेला तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर सीएसआयएस या केंद्राच्या व्याजसवलत योजनेत त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते, पदवीला किंवा पदव्युत्तरला.

यातलं काहीच लागू नसेल तरी बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 7.5 लाखांपर्यंत तारण लागत नाही. 4 लाखांपर्यंत स्वतःचा वाटाही नाही. त्याहून मोठ्या कर्जात देशातल्या शिक्षणाला 5 टक्के आणि परदेशात 15 टक्के रक्कम आपण घालायची असते. 7.5 लाखांच्या वर तारण मागतात आणि मुंबईत गाडी इथेच अडते. पागडीच्या घराची मालकी आपली नसते, त्यामुळे ते गहाण राहू शकत नाही. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली खोली विक्रीबंदीच्या मुदतीत असेल तर बँक हात लावत नाही. सोसायटीच्या फ्लॅटला शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स-2 (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), आधीच्या करारांची साखळी आणि सोसायटीची एनओसी लागते. वरून वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन. यात काही आठवडे जातात, तर कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत फी भरायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस असतात. म्हणूनच अनेक घरं घाईत एनबीएफसीकडे वळतात.

त्या घाईची किंमत आकड्यात बघा. चार वर्षं दरवर्षी 1.8 लाख, म्हणजे 7.2 लाखांचं कर्ज. हप्ते पाचव्या वर्षानंतर सुरू. समजा बँकेचा दर 9 टक्के आहे आणि या काळात व्याज सरळ लावलं जातं: व्याज होतं सुमारे 2.27 लाख. त्यावर 3 टक्क्यांची सवलत मिळाली तर तुमच्या वाट्याला 1.51 लाख. दुसरीकडे एनबीएफसीचा दर 12 टक्के आणि व्याज दरमहा मुद्दलात मिळवलं जात असेल, तर तेच व्याज 3.83 लाखांवर जातं. दरातला फरक तीन टक्क्यांचाच दिसतो, पण अर्धी मेख चक्रवाढीत आहे. ‘अभ्यासक्रमाच्या काळात व्याज सरळ की चक्रवाढ?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मंजुरीसोबत की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा धरून वार्षिक खर्चाचा खरा दर असतो. तुलना त्याच आकड्यांची करा.

अर्ज कधी करायचा? बारावीच्या निकालाची वाट न बघता उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. व्याजसवलतीला तोच लागतो, फॉर्म 16 पुरत नाही. आपले सरकार पोर्टलवर अर्ज होतो. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला इथली तहसील कार्यालयं, शहरात जिल्हाधिकारी कार्यालय. दाखल्यावरचं आर्थिक वर्ष नीट बघा; जुन्या वर्षाचा दाखला हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण.

बाकी कागद: विद्यार्थी व पालकांचं आधार आणि पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटी किंवा जेईईचं स्कोअरकार्ड, कॅपचं जागावाटप पत्र, पालकांच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा, दोन वर्षांचं आयकर विवरण, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार. कॉलेजकडून वर्षवार खर्चाचं पत्र लेटरहेडवर घ्या आणि त्यात वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप लिहून घ्या. जे पत्रात नाही ते कर्जात येत नाही. आधारवर वडिलांचं नाव एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं असेल तर ते आधीच दुरुस्त करा.

अर्ज पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरा, बँक आणि शाखा निवडा, मग मूळ कागद घेऊन शाखेत जा. सवलतीचा अर्ज त्याच पोर्टलवर वेगळा करावा लागतो. कर्ज मिळालं म्हणजे सवलत आपोआप लागली असं नाही. पहिली फी स्वतः भरली असेल तर पावत्या जपा, बँका ती रक्कम कर्जातून परत देतात, पण खात्यातून भरलेलीच. पुढच्या प्रत्येक वर्षी कॉलेजचं फी मागणीपत्र आणि गुणपत्रिका देऊनच कर्जाचा पुढचा हप्ता सुटतो.

शाखेने तोंडी ‘होणार नाही’ म्हटलं तर पोर्टलवर कारण नोंदवायला सांगा. लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, शुल्क नाही, माहितीसाठी हेल्पलाइन 14448.

नाइलाजाने एनबीएफसीचं कर्ज घ्यावंच लागलं तर दर फ्लोटिंग, म्हणजे बाजारानुसार बदलणारा ठेवा. वैयक्तिक फ्लोटिंग कर्ज मुदतीआधी फेडताना दंड लागत नाही, त्यामुळे नोकरी लागल्यावर ते बँकेत वळवता येतं. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, फक्त जुन्या करप्रणालीत. एनबीएफसीबाबत ती संस्था त्यासाठी अधिसूचित आहे का, हे सही करण्याआधी विचारा.