गाडीची सीट कशी लावावी: सुरक्षिततेसाठी आणि मायलेजसाठी

क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरकडे नेणारी चकती) वेळेआधी जळालेली गाडी गॅरेजमध्ये आली की आम्ही आधी ड्रायव्हरची सीट कुठे लावली आहे ते पाहतो. सीट चुकली की पाय चुकतो, आणि पाय चुकला की पेट्रोल वाया जाते. अपघातात याच चुकीची किंमत छाती आणि मानेला मोजावी लागते.

सीट लावण्याचा क्रम

गाडी उभी आणि हँडब्रेक ओढलेला असावा. पायात रोजचे बूट घाला. सैल चप्पल पेडलखाली अडकते. कंबर सीटच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवून बसा. उंची बदलण्याची सोय असेल तर आधी ती लावा: बॉनेटपुढचा रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे आणि डोके व छत यांत चार बोटे जागा उरली पाहिजे. मग क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकीच सीट मागे ठेवा. ऑटोमॅटिक गाडीत हेच ब्रेक जोरात दाबून तपासा.

आता सीटची पाठ. खांदे टेकलेले असताना हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. येत नसेल तर पाठ सरळ करा, अख्खी सीट पुढे ओढू नका. छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंमी अंतर हवे. टेपने मोजा, वितीवर विसंबू नका. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात फुगते आणि अगदी जवळ बसलेल्याला तिचाच मार बसतो. उंची कमी असलेल्यांनी स्टिअरिंग खाली, छातीच्या दिशेने झुकवावे. जाड मऊ गादी घेऊ नये, कारण ती धडकेत सरकते आणि सीटबेल्टचा पट्टा कमरेवरून पोटावर येतो.

हेडरेस्टचे वरचे टोक डोक्याच्या टोकाशी समान ठेवा, मागची फट ५ सेंमीपेक्षा कमी. मागून धडक बसली की मान वाचवणारी ही एकच वस्तू आहे, आणि बहुतेक गाड्यांत ती सगळ्यात खाली दाबलेली असते.

शेजारी आणि मागे बसणारे

सीट आडवी करून झोपलेल्या प्रवाशाला पट्टा असून नसल्यासारखा. धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा पोटात रुततो. खालचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर हवा. वरचा खांद्याच्या मध्यावर, काखेतून नव्हे. गरोदर महिलांनी खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार दंड १,००० रुपये. दंड सोडा, ताशी ५० किमी वेगाने धडकणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडणे.

मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. गाडीच्या सीटच्या कडेला एअरबॅगचे लेबल असेल तर कडेची शिवण फाटेल असेच कव्हर घ्या. साध्या कव्हरमुळे एअरबॅग बाहेर येताना अडते.

मायलेजवर परिणाम कसा होतो

सीट मागे-पुढे केल्याने इंजिन कमी-जास्त पेट्रोल पीत नाही. फरक पायामुळे पडतो. सीट फार पुढे असली की टाच फ्लोअरवर टेकत नाही, ॲक्सिलरेटर धक्क्याधक्क्याने दाबला जातो. फार मागे असली की क्लच पूर्ण दाबला जात नाही आणि गिअर कर्रकन वाजतो. डावा पाय क्लचवरच विसावत असेल तर प्लेट घसरते: इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र तेवढी पळत नाही. त्यातच पेट्रोल जाते, प्लेट जळते आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग) लवकर जाते. गिअर बदलून झाला की पाय शेजारच्या फुटरेस्टवर ठेवा, सिग्नलला न्यूट्रल करा.

डिकीतले ५० किलो अनावश्यक सामान साधारण १ टक्का इंधन जास्त खाते. पाच जण बसणार असतील तर ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली पूर्ण भाराची हवा टायरमध्ये भरा. जड सामान डिकीच्या तळाशी, मागच्या सीटला टेकवून ठेवा, पार्सल ट्रेवर (मागच्या काचेखालच्या फळीवर) नको. मागे भार वाढला की पुढचे दिवे वर उचलले जातात. अशा वेळी हेडलाइटचा झोत खाली करणारे बटण ० वरून १ किंवा २ वर आणा. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतो.

सीट सरकवल्यावर पुढे-मागे हलवून खटका बसल्याची खात्री करा. रेलमध्ये वाळू किंवा नाणे अडकले की तो अर्धवट बसतो आणि ब्रेक लावताच सीट सरकते. रेल व्हॅक्यूमने साफ करा. तेल ओतू नका, त्यात धूळ आणखी चिकटते. तरीही खटका बसत नसेल तर गाडी दाखवायला आणा, तोवर ती चालवू नका.