मायना येतो, मजकूर अडतो: मुलांच्या घरगुती पत्राची पार्श्वभूमी

तिसरी-चौथीच्या वर्गात ‘मामाला पत्र लिहा’ असे सांगितले की बहुतेक मुले पत्ता आणि तारीख बिनचूक लिहितात. त्याखाली मायना येतो, मग ‘पत्रास कारण की’. तिथे पेन्सिल थांबते. मामाशी फोनवर अर्धा तास बोलणारे मूल कागदावर ‘मी इकडे खुशाल आहे, तुम्ही कसे आहात?’ याच्या पुढे जात नाही. यात मुलाचा दोष नाही. आपल्याकडे पत्र शिकवण्याची सुरुवातच साच्यापासून झाली आणि त्यामागे काही शतकांचा इतिहास आहे.

मराठीत पत्र कसे लिहावे याचे नियम आधी दरबारी कारभाराच्या दफ्तरासाठी तयार झाले. यादवांच्या दरबारातला तेराव्या शतकातला मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर ‘मेस्तके’ चालत आली. कारकुनाने हिशेब कसा ठेवावा, कोणाला कोणत्या शब्दांत लिहावे, हे त्यांत सांगितलेले असे. शिवकाळात बाळाजी आवजी चिटणीसांसारख्यांच्या हातून ही कला पुढे गेली. पेशवाईतली पत्रे पाहिली की सांगाडा लगेच दिसतो: माथ्यावर ‘श्री’, मग समोरच्याच्या पदाला साजेशी विशेषणे, नमस्कार किंवा आशीर्वाद, ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’, मग मुख्य काम आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. दरबारात ही रचना गरजेची होती. कोण कोणाशी बोलतो आहे हे पहिल्या ओळीतच स्पष्ट व्हायला हवे आणि मायन्यातली चूक अपमान ठरू शके.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी, मुळाक्षरे, उजळणी यांच्या पुढची पायरी म्हणजे मोडी कागद वाचता आणि लिहिता येणे. कारकुनी करायची किंवा दुकानाचा व्यवहार सांभाळायचा तर तेवढे पुरे. तिथे मुलाला स्वतःचे काही सांगायचे असेल हा विचारच नव्हता. वळण घोटायचे, मायने पाठ करायचे. १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते आले, छापील क्रमिक पुस्तके आली, पण साचा टिकला. स्वतःच्या आईवडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, ‘सा. न. वि. वि.’ (साष्टांग नमस्कार विनंती विशेष) आणि ‘अ. उ. आ.’ (अनेक उत्तम आशीर्वाद) ही संक्षिप्त रूपे. शेवटी ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’. नात्यांची ही उतरंड मुलांना पत्रातूनच नीट कळत असे, आणि तिचे मोल मी कमी मानत नाही. मात्र मजकुराचे शिक्षण कोणी देत नव्हते.

ते मिळाले शाळेबाहेर. १८५४ मध्ये देशभर अंतराचा विचार न करता एकच टपालदर लागू झाला, तोही अर्धा आणा. १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आले, पाव आण्याचे. १८८० पासून टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली. याच काळात मुंबईत गिरण्या वाढत होत्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे कामाला जात होती. घरी राहिलेल्यांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यामुळे शाळेत जाणारे पोर वाडीचे लेखनिक झाले. म्हातारी ओट्यावर बसून सांगायची: गाय व्यायली, पाऊस लांबला, धाकट्याला ताप होता पण उतरला, पैसे पोचले. पोराने ते ऐकायचे, त्यातले आधी काय आणि मागून काय ते ठरवायचे, कार्डाच्या इवल्याशा जागेत बसवायचे आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवायचे. ‘हे नको लिहूस, त्याला तिकडे काळजी लागेल,’ असे म्हातारी म्हणाली की ओळ बदलायची. पत्राचे नियोजन म्हणजे नेमके हेच: कोणाला, कशासाठी, काय सांगायचे, काय गाळायचे. पुस्तकात नसलेला हा धडा कित्येक पिढ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची पत्रे लिहून गिरवला.

मायना हलवता येतो, हेही आपल्याकडे फार आधी दिसले होते. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ ची पत्रे उपलब्ध आहेत. त्या पतीला ‘सत्यरूप जोतीबा’ असे संबोधतात आणि थेट विषयाला हात घालतात: माहेरी भावाशी झालेला वाद, १८७७ च्या पत्रात दुष्काळात होरपळलेली माणसे. रूढ चौकट ठेवूनही आत खरे बोलता येते, याचा याहून चांगला मराठी नमुना शिक्षकांना शोधावा लागणार नाही. वरच्या वर्गांत ही पत्रे आवर्जून वाचून घ्यावीत असे मला वाटते.

लहान मुलांशी पत्रातून कसे बोलावे, हे मराठीत मनापासून दाखवले ते साने गुरुजींनी. पुतणी सुधा हिला त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. फुले, पाखरे, भेटलेली माणसे, देशातल्या घडामोडी, सगळे त्यांत येते. मूल ज्या गोष्टीकडे कुतूहलाने पाहील तिथे ती थांबतात.

वर्गाच्या पातळीवर हाच प्रश्न फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने आधीच हाती घेतला होता. दक्षिणेकडच्या बार-सूर-लू गावी त्याने १९२४ मध्ये शाळेत छोटा छापखाना आणला आणि १९२६ पासून ब्रिटनीतल्या त्रेगुँक गावच्या वर्गाशी आपल्या मुलांचा पत्रव्यवहार सुरू केला. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठच्या मुलांचे जगणे ठाऊक नव्हते, त्यामुळे दोन्हीकडे सांगण्यासारखे भरपूर होते. समोर खरा वाचक असला की काय लिहावे हा प्रश्न सुटू लागतो. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी हा अनुभव आपापल्या शाळांतून घेतला आहे.

सरकारी बाजूने बदल आले ते बरेचसे बाहेरच्या रूपात. मोडी लिपी गेली, बाळबोध म्हणजे देवनागरी राहिली. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली. १५ ऑगस्ट १९७२ पासून पत्त्याखाली पिनकोड आला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही. २०१८ मध्ये दहावीचे पुस्तक बदलले तेव्हा पत्राचे प्रारूप ई-मेलच्या वळणावर गेले: सगळे डावीकडे आणि खाली पत्त्यासोबत ई-मेल. काळाप्रमाणे हे ठीकच आहे. पण परीक्षेत गुण मुख्यतः प्रारूपावर मिळणार म्हटल्यावर खालच्या इयत्तांतही शिकवणी पुन्हा प्रारूपापासूनच सुरू होते.

प्राथमिक वर्गांत वेगळे करू पाहणारे शिक्षक क्रम उलटा करतात. आधी गप्पा: आजीला काय ऐकायला आवडेल, मागच्या भेटीनंतर नवे काय घडले, तिला काय विचारायचे आहे. मग पाटीवर चार-पाच शब्द, त्यांचा क्रम, मग कच्चे पत्र. ते शेजारच्या मुलाला वाचून दाखवायचे. त्याला जिथे प्रश्न पडेल तिथे एक वाक्य वाढवायचे. मायना आणि पत्ता सगळ्यात शेवटी, कारण तो भाग दहा मिनिटांत शिकवता येतो. पत्र खरोखर पेटीत पडते आणि आजीलाही आधी सांगून ठेवलेले असते की उत्तर लिहायचे आहे. हे सांगणे विसरू नये, कारण दुसरे पत्र मुले त्या उत्तरावरूनच लिहितात आणि पहिल्यापेक्षा ते बहुधा लांब असते.