सतरा तालुके की अठरा?

2023 मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलले ते सगळ्यांना दिसलं. सॉफ्टवेअरमध्ये असा एक शब्द बदलला की नेमकं काय काय पुन्हा तयार करावं लागतं, हे मात्र सहजी दिसत नाही. ते शोधणं हे एक वेगळंच शास्त्र आहे.

कल्पनेतलं उदाहरण घेऊ. मराठवाड्यातले 8 जिल्हे, 76 तालुके. प्रत्येक तालुक्यात एक पर्जन्यमापक आणि त्याच्या सेटिंगची एक फाइल: जिल्हा कोणता, नोंद किती मिनिटांनी पाठवायची, इशारा कधी द्यायचा. अशा 76 फायली हातानं लिहिणं म्हणजे चुकांना आवतण. त्यासाठी कॉन्फिगरेशन भाषा, म्हणजे सेटिंग लिहिण्याच्या भाषा, असतात. 2014 मध्ये गूगलमधून बाहेर आलेली जेसॉनेट ही त्यातली एक. सगळ्यांना सामाईक असलेलं ‘मराठवाडा’ फाइलीत लिहायचं, जिल्ह्याचं जिल्ह्याच्या फाइलीत, आणि तालुक्याच्या फाइलीत फक्त वेगळं असेल तेवढंच. खालची फाइल वरचीला ‘इम्पोर्ट’ करते. या सगळ्यातून यंत्राला वाचता येईल अशी जेसन फाइल तयार होते. या कामाला बिल्ड म्हणतात.

आता दोन जिल्ह्यांची नावं बदला. संभाजीनगरचे 9 तालुके, धाराशिवचे 8, म्हणजे 17 फायली पुन्हा बिल्ड करायच्या. सोपं वाटतं. पण सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाला जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून पाणी मिळतं, म्हणून माजलगावच्या फाइलीत कुणीतरी ‘जायकवाडी’ इम्पोर्ट केलेली आहे. जायकवाडी पैठणला, म्हणून त्या फाइलीत ‘संभाजीनगर’ इम्पोर्ट केलेली. माजलगाव बीड जिल्ह्यातलं, तरी नावबदल तिथवर पोचला. झाले 18. (डाव्या कालव्याचं नावच नको काढायला, नाहीतर जालना-परभणीपर्यंत जावं लागेल.)

ही साखळी शोधायला जेसॉनेटसोबत ‘जेसॉनेट-डेप्स’ नावाचं छोटं साधन येतं. ते फाइल वाचतं, तिच्यातले इम्पोर्ट काढतं, मग त्या फायली उघडतं, त्यांचे इम्पोर्ट काढतं. पाहून झालेल्या फायलींची नोंद ठेवावी लागते, कारण माजलगावहून बीडमार्गे निघा की जायकवाडीमार्गे, शेवटी ‘मराठवाडा’ फाइलीवरच येता. नुसता ‘इम्पोर्ट’ हा शब्द शोधून भागत नाही, तो एखाद्या टिप्पणीतही सापडेल. त्यामुळे मजकुराचं व्याकरण लावूनच बघावं लागतं. आपल्याला खरं तर उलटा प्रश्न विचारायचा असतो: ही फाइल कोण कोण वापरतं? ‘ही फाइल तिला इम्पोर्ट करते’ असा प्रत्येक इम्पोर्ट एक बाण मानला, तर त्यासाठी सगळे बाण उलटे करायचे. ग्राफाना लॅब्ज या कंपनीच्या टांका या साधनात तशी आज्ञा आहे.

हे सगळं जमतं ते भाषेनं घातलेल्या एका बंधनामुळे. जेसॉनेटमध्ये इम्पोर्टपुढे फाइलीचं नाव जसंच्या तसं लिहावं लागतं. ‘जिल्ह्याचं नाव घे, त्याला शेपूट जोड आणि ती फाइल उघड’ असं लिहायची सोय नाही. नव्यानं शिकणारे यावर वैतागतात. पण ती मोकळीक दिली असती, तर कोणती फाइल लागणार हे प्रोग्रॅम चालवल्याशिवाय कळलंच नसतं. माझ्या मते या भाषेतला हा सगळ्यात शहाणा नकार आहे.

तरी एक गोम उरतेच. जेसॉनेट आळशी भाषा आहे, गरज पडल्याशिवाय काहीच मोजत नाही. माजलगावनं जायकवाडीकडून फक्त कालव्याची क्षमता घेतली आणि जिल्ह्याचं नाव मागितलंच नाही, तर बिल्डच्या वेळी ‘संभाजीनगर’ फाइल उघडलीही जात नाही. म्हणजे प्रत्यक्षात 17, आणि यादीनुसार 18.

चूक करायचीच तर 18 च्या बाजूनं करावी. जादा बिल्डमध्ये काही सेकंद जातात. राहून गेलेला बिल्ड जुनं उत्तर नवं म्हणून हातात देतो. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये ‘मेक’ हे बिल्डचं साधन लिहिलं, तेही अशाच वैतागातून. स्टीव्ह जॉन्सन या सहकाऱ्याची सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त फाइल पुन्हा कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेली नव्हती. मेक फायलींच्या वेळा ताडून बघतं. आजची बेझलसारखी साधनं मजकुराचा हॅश, म्हणजे बोटांचा ठसा, ताडतात. त्यामुळे माजलगाव पुन्हा बिल्ड झालं आणि जेसन तीच निघाली, तर काम तिथेच थांबतं, यंत्राकडे काही जात नाही.

सगळ्यात फसवं अवलंबित्व असतं ते नसलेल्या फाइलीवरचं. जेसॉनेट इम्पोर्टची फाइल आधी इम्पोर्ट करणाऱ्या फाइलीच्याच फोल्डरात शोधते, तिथे नसली तर लायब्ररीच्या फोल्डरांत. समजा ‘बीड’ फाइल लायब्ररीत आहे. उद्या कुणी माजलगावच्या शेजारी त्याच नावाची फाइल ठेवली, तर जुनी एकही फाइल न बदलता उत्तर बदलेल, आणि सापडलेल्या फायलींच्या जुन्या यादीला त्याचा पत्ताच नसेल. डॅनिअल बर्नस्टाइन यांच्या ‘रीडू’ या आराखड्यात यासाठी वेगळी आज्ञाच आहे: ही फाइल आत्ता नाही, पण जन्मली तर पुन्हा बिल्ड करा. जिथे ही सोय नाही, तिथे दोन फोल्डरांत एकाच नावाच्या फायली ठेवू न देणं आणि यादी दर बिल्डआधी नव्यानं काढणं, एवढंच हाती उरतं.