काचनिर्मितीची स्थलनामे, बेळगाव सीमाभागातील

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी आणि अथणी या मराठी-कन्नड मिश्र वस्तीच्या पट्ट्यातील गावे, वेशी, गल्ल्या व शेते यांच्या जुन्या नावांवरून स्थानिक काचकामाचा माग काढण्याची पद्धत. येथे काचकाम म्हणजे मुख्यतः बांगड्या व मणी. तावदाने आणि बाटल्या हा बराच अलीकडचा विषय आहे.

काम बांगडीचे असल्याने ‘काच’ या शब्दापेक्षा कारागीर आणि विक्रेते यांची जातिवाचक नावे अधिक आढळतात: मराठीत कासार, कचारी (काचारी), मण्यार, कन्नडमध्ये बळेगार (बांगडीवाले), बोगार. अडचण अशी की यांतील बहुतेक नावे एकाहून अधिक धंद्यांना लागू पडतात. कासार हा शब्द कांस्यकारापासून आलेला. भांडी घडवणारा आणि बांगड्या भरणारा असे दोन्ही कासार असतात. कचारी हे नाव मात्र काचेच्या बांगड्या करणाऱ्यांचेच.

बेळगाव शहरातील बोगारवेशीवर मतभेद आहे. बोगार हा तांब्या-पितळेचे काम व व्यापार करणारा कन्नड जैन समाज. मराठी कासारांप्रमाणे बांगड्यांच्या व्यापारातही बोगार असत, म्हणून ही वेस काचकामाची खूण मानावी असे एक मत आहे. भांड्यांचा धंदा मूळचा व बांगड्यांचा जोडीचा, हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. शिवाय वेशीजवळ दुकान असते, भट्टी नव्हे. धूर, आगीची धास्ती आणि गाड्या भरून लागणारे सरपण यांमुळे भट्टी वस्तीबाहेर, माती व जळण मिळेल तेथे लागते. गल्लीचे नाव विक्रेत्याचा पत्ता देते, इतकेच त्यातून निश्चित म्हणता येते.

फसव्या नावांची संख्या खऱ्यांपेक्षा मोठी आहे. बाळेकुंद्री हे गाव रोमन लिपीतील नकाशांवर पाहिले की ‘बळे’ म्हणजे बांगडी असा अर्थ लावण्याचा मोह होतो. कन्नड व मराठी लेखनात पहिला स्वर दीर्घ आहे आणि ‘बाळे’ म्हणजे केळ. शहापुरातील कचेरी गल्लीचा कचाऱ्यांशी संबंध नाही. शहापूर सांगली संस्थानाकडे होते आणि कचेरी तेथे असणे स्वाभाविकच. ‘कंचगार’ हा शब्दही ‘काच’वरून नव्हे, तर कन्नड ‘कंचु’ म्हणजे कासे यावरून आलेला आहे. मण्णूर हे गावाचे नाव मण्यांपेक्षा ‘मण्णु’ (माती) यावरून आले असे मानणे सरळ. सौंदत्तीचा ‘सवळु’शी (खारे) लावलेला संबंधही टिकत नाही, कारण शिलालेखांत तिचे नाव सुगंधवर्ती असे येते.

‘सवळु’ हा घटक स्वतः मात्र महत्त्वाचा आहे. सवळु मण्णु म्हणजे खारी माती, मराठीतील चोपण जमिनीची. पावसाळ्यानंतर जमिनीतले पाणी वर येऊन सुकते आणि सोड्याचे क्षार पांढऱ्या पापडीच्या रूपाने पृष्ठावर बसतात. ही पापडी खरवडून वाळूत मिसळत. सोड्याअभावी शुद्ध वाळू वितळवायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस लागतात; सोड्यामुळे १,००० ते १,१०० अंशांत काम भागते आणि ही उष्णता लाकडी कोळशावर व भात्यावर मिळते. माती न धुता वापरल्याने तिच्यातील चिकणमातीही मुशीत (काच वितळवण्याच्या भांड्यात) जाते. म्हणून भारतीय खनिज-सोडा काचेत ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) बऱ्याचदा ५ टक्क्यांहून अधिक आणि चुना कमी असतो. सवळु, उप्पार (खारी माती व मीठ काढणारे) अशी नावे भट्टीची शक्यता सुचवतात, पुरावा देत नाहीत. तीच माती परीटही वापरी.

पापडीत क्लोराइड व सल्फेट जास्त असतील तर ते काचेत विरघळत नाहीत. मळीसारखे वर तरंगतात आणि काढून न टाकल्यास काचेत पांढरे ठिपके राहतात. सोडा जास्त झाला व चुना कमी पडला, तर काच दमट हवेत पाणी ओढते आणि तिचे पापुद्रे सुटतात. सह्याद्रीलगतच्या पावसाळी खानापूर भागात जुन्या काचेचे तुकडे कमी टिकण्यामागे हेही एक कारण असू शकते. सोडा कमी पडल्यास वाळूचे कण न वितळता राहतात. तांब्याने निळसर-हिरवा किंवा, धूर कोंडून ठेवल्यास, लाल रंग येतो. लोहाने हिरवा ते काळा.

नावावरून शोधलेल्या जागेची जमिनीवर तपासणी आवश्यक असते. खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध असल्याने जळून काचेसारख्या झालेल्या आव्याच्या (कुंभाराच्या भट्टीच्या) विटा तेथे सहज सापडतात आणि त्या काचभट्टीच्या समजल्या जातात. लोखंडाची मळीही काच समजली जाऊ शकते, पण ती जड असते (घनता साधारण ३ ते ४), काच सुमारे २.५, मळीला लोहचुंबक बहुधा थोडे तरी ओढतो. आतून काचेचा थर असलेले मुशीचे खापर, काचेचे ओघळ आणि अर्धवट राहिलेल्या बांगड्या एकत्र सापडल्या तरच भट्टी मानावी. नुसत्या फुटक्या बांगड्या कोणत्याही गावठाणावर असतात.

बांगडीचा सांधाही पाहावा. जुन्या पद्धतीत सळईच्या टोकावरील काचेच्या गोळ्याला टोच्याने भोक पाडून तो मातीच्या शंकूवर फिरवत रुंद करीत; अशा बांगडीला सांधा नसतो. फिरोजाबादी बांगडी फिरत्या रुळावर गुंडाळलेल्या काचेच्या धाग्याची वेटोळी कापून व टोके जोडून होते. दोन्ही प्रकार गरम राखेत किंवा भट्टीच्या वरच्या कप्प्यात हळूहळू निवावे लागतात, नाहीतर हातात भरतानाच तडकतात.

प्राचीनतेविषयी दोन मते आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांत मणी आणि बहमनी थरांत बहुरंगी बांगड्या मिळाल्या. बेळगावजवळच्या वडगाव-माधवपूर येथेही सातवाहनकालीन वसाहत उजेडात आली. त्यावरून काही अभ्यासक अखंड परंपरा मानतात. इतरांच्या मते बहुरंगी बांगडीचे तंत्र बहमनी-आदिलशाही काळातील. स्थलनामांपुरते दुसरे मत सोयीचे, कारण गल्ल्यांची नावे शिलालेखांत क्वचितच येतात. कर्नाटकातील भट्टीचे जुने प्रत्यक्ष वर्णन फ्रान्सिस बुकानन यांच्या १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात आहे, पण ते चित्रदुर्ग भागातील मत्तोडचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी व युरोपीय बांगड्या मुंबईमार्गे आल्या आणि गावभट्ट्या मागे पडल्या. पुढच्या काळात उलट प्रकार दिसतो: १९१६ मध्ये सुरू झालेल्या काचकारखान्याने कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला नाव दिले. सीमाभागात नाव नोंदवताना मराठी व कन्नड दोन्ही लेखने आणि सर्व्हे नंबर घ्यावा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद राहत नाही, तर रोमन नकाशात अ-आ आणि ल-ळ हे भेदही नाहीसे होतात.