मेणातील अंगठी-कोरीवकाम

सोन्याची किंवा चांदीची अंगठी ओतून घडवावयाची असता तिचा पूर्णाकृती नमुना आधी कठीण मेणात कापून, कानसून आणि कोरून तयार करण्याच्या कृतीस मेणातील अंगठी-कोरीवकाम म्हणतात. नमुना साच्यात वितळून नाहीसा होतो आणि त्याने सोडलेल्या पोकळीत धातूचा रस जातो. त्यामुळे कोरलेल्या नमुन्यापासून थेट ओतल्यास एकच नग मिळतो आणि ओतताना काही बिघडले तर कोरणाऱ्याचे सगळे श्रम मेणाबरोबरच जातात. कोल्हापुरात ओतकाम म्हटले की शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधील वाळूचे साचे आणि लोखंडाचा रस प्रथम आठवतो. तेथे नमुना साच्यातून ओढून काढावा लागत असल्याने त्याच्या बाजूंना उतार ठेवावा लागतो आणि आत वळणारी खाच शक्यतो टाळली जाते. मेणाचा नमुना ओढून काढावयाचा नसतो, म्हणून पाकळीखालची पोकळी, जाळी, आतून कोरलेला पोटाचा भाग असे सर्व काही त्यात साधते. अंगठीसारख्या लहान आणि गुंतागुंतीच्या वस्तूस ही पद्धत मानवते ती याच कारणाने.

या कृतीचे मूळ सांगताना बहुतेक लेखक थेट सिंधू संस्कृतीपर्यंत जातात. तसे करण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मेण वितळवून धातू ओतणे ही एक गोष्ट आणि मेण कोरणे ही दुसरी. पहिली अतिप्राचीन आहे. दुसरी, आज ज्या अर्थाने तो शब्द वापरला जातो त्या अर्थाने, विसाव्या शतकातील आहे असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

ओतकामापुरते पाहिल्यास बलुचिस्तानातील मेहेरगढ येथील चाकाच्या आकाराचे तांब्याचे लहानसे ताईत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे असून ते मेणाच्या नमुन्यावरून ओतलेले आहे, असा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शी अभ्यासातून निघाला. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये मिळालेली, जेमतेम १०.५ सेंमी. उंचीची नर्तकीची मूर्ती याच पद्धतीची मानली जाते. महाराष्ट्रात दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या चार भरीव धातुशिल्पांचा काळ मात्र वादग्रस्त आहे. त्यांना उत्तर हडप्पा काळात, म्हणजे इ. स. पू. २००० च्या आसपास ठेवण्याकडे अनेकांचा कल आहे. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्यावर शंकाही घेतली गेली आहे. खुद्द कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात मिळालेल्या कांस्यवस्तूंपैकी समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती रोमन साम्राज्यातून आलेली आहे, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. तिच्यासोबतचा स्वारांसह हत्ती मात्र देशी घडणीचा असावा, असे सामान्यतः समजले जाते. या दोन्ही वस्तू ओतीव असल्या तरी त्यांवरून येथील अंगठीच्या घडणीविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

लिखित पुराव्यांत दोन ग्रंथ महत्त्वाचे आहेत. ‘मानसार’ या शिल्पग्रंथात मधूच्छिष्टविधान नावाचा अध्याय आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले मेण. या ग्रंथाचा काळ इ. स. ५०० ते ७०० असा एका मताने धरला जातो, परंतु उपलब्ध पाठाचा काही भाग त्यानंतरचा असावा हे मत अधिक ग्राह्य वाटते. दुसरा ग्रंथ कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ होय. तो साधारणतः इ. स. ११२९ च्या सुमारास रचला गेला. त्या काळी कोल्हापूरचे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते, म्हणून हा ग्रंथ या प्रदेशाला विशेष जवळचा आहे. मेणाच्या मूर्तीला धोत्र्याच्या फुलासारख्या नळ्या जोडाव्यात, तिच्यावर जळलेला कोंडा, कापूस आणि मीठ वाटून मिसळलेल्या मातीचे थर एकामागून एक द्यावेत, ते सावलीत वाळवावेत आणि मग मेण उष्णतेने काढून टाकावे, असा क्रम तेथे दिला आहे.

त्यातील वजनाचे सूत्र सोनारकामाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. मेणाच्या वजनाच्या आठ किंवा दहा पट पितळ अथवा तांबे, बारा पट चांदी आणि सोळा पट सोने घ्यावे, असे ते सूत्र आहे. मधमाशीच्या मेणाची घनता सुमारे ०.९६ धरली तर पितळाचे गुणोत्तर नऊच्या आसपास येते, चांदीचे अकराच्या आसपास. म्हणजे चांदीची बारा पट ही नळ्यांत आणि मुखाशी उरणाऱ्या धातूसकट ठेवलेली बेरीज असू शकते. शुद्ध सोन्याचे गुणोत्तर मात्र वीस येते. मेणात राळ मिसळल्यास ते थोडे उतरते, तरी सोळापर्यंत येत नाही. सोळा हा आकडा आजच्या हिशेबाने अठरा कॅरटच्या जवळ पडतो. यावरून ओतावयाच्या सोन्यात दुसऱ्या धातूचे मिश्रण असे, असा तर्क करता येतो. सोळा ही केवळ सोयीची, परंपरेने आलेली संख्या असणेही शक्य आहे. प्रस्तुत लेखकास पहिला तर्क अधिक पटतो, कारण उरलेल्या दोन धातूंचे आकडे अनुभवातून आलेले दिसतात.

मात्र या ग्रंथांत मेण कोरण्याचा नव्हे, तर मऊ मेण हाताने वळून, लावून, दाबून आकार देण्याचा विधी आहे. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि बोटांच्या उबेनेही नरम होते. त्यावर कानस चालवली तर दाते भरून जातात आणि धारदार कड टिकत नाही. अंगठी करवतीने कापावी, कानशीने घासावी आणि सुईसारख्या हत्याराने तिच्यावर अक्षर कोरावे, हे शक्य झाले ते कृत्रिम घटक मिसळलेल्या आणि शंभर अंशांच्या वर वितळणाऱ्या कठीण मेणामुळे.

नव्या ओतकामाचा मार्ग सोनारांच्या नव्हे, तर दंतवैद्यांच्या हातून खुला झाला. दातातील पोकळीत बसणारा सोन्याचा भराव मेणाच्या नमुन्यावरून ओतण्याची पद्धत अमेरिकेतील विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये न्यूयॉर्क येथे मांडली. आयोवा राज्यातील फिलब्रुक यांनी असेच वर्णन त्यापूर्वी, १८९० च्या दशकात केले होते, त्यामुळे आद्यत्वाचा मान कोणाला द्यावा याविषयी दोन पक्ष आहेत. शोध आधी फिलब्रुक यांचा आणि प्रसार टॅगार्ट यांचा, असे म्हणणे न्यायाचे होईल. पुढे रबराच्या साच्यातून एकाच नमुन्याच्या अनेक मेणप्रती काढण्याची पद्धत दागिन्यांच्या धंद्यात आली. तिच्यासंबंधीचे युंगरसन यांचे पेटंट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४९ मध्ये अवैध ठरविले आणि त्या निकालात सोळाव्या शतकातील इटालियन सोनार बेन्वेनुतो चेल्लिनी याने वर्णिलेल्या ओतकामाची दखल घेतली गेली. या रबराच्या साच्यामुळे, म्हणजे रबर डायमुळे, कोरलेल्या नमुन्याची भूमिका बदलली. पहिला नग चांदीत ओतून, साफ करून त्याची डाय केली जाते आणि पुढच्या शेकडो अंगठ्यांची जात त्या एका कोरीवकामावर ठरते.

कोरण्याचे मेण नळीच्या किंवा वडीच्या रूपात मिळते. रंगावरून त्याची जात ओळखतात. हिरवे सर्वांत कठीण आणि बारीक कडेला चांगले, जांभळे मध्यम, निळे त्याहून नरम आणि थोडे लवचीक असते. नळीला आधीच भोक असते. काही नळ्यांत ते मध्यावर नसून एका बाजूस असते, म्हणजे वरच्या अंगास खड्याच्या घरासाठी किंवा मुद्रेसाठी जास्त मेण उरते. नळीचा काप पिळाच्या पात्याच्या करवतीने काढतात, कारण साधे पाते मेणात अडकते.

कापातून पहिल्यांदा आतले माप केले जाते. पाते बसविलेल्या निमुळत्या दांडीवर काप फिरवून भोक वाढवितात. दोन्ही बाजूंनी आलटून पालटून न फिरविल्यास भोक एका अंगास रुंद राहते. ओतल्यावर धातू किंचित आक्रसतो, तर आतून कानस आणि पॉलिश झाल्यावर माप वाढते. या दोहोंचा मेळ घालून माप थोडे लहानच ठेवण्याची रीत आहे. त्यानंतर परकाराने मध्यरेषा आखून आधी समोरून, मग बाजूने आकार कानसतात. रेषा पुसून गेली की पुन्हा आखावी लागते, आणि नवशिक्यांच्या अंगठ्या वाकड्या होतात त्या बहुधा हा कंटाळा केल्यामुळे. नक्षी शेवटी येते. ती कोरण्याची हत्यारे सोनार स्वतःच जुन्या सुया व दंतवैद्यांच्या कोरण्या घासून करतात. चुकून जास्त निघालेले मेण तापलेल्या टोकाने थेंब सोडून भरता येते, मात्र थेंबाखाली हवा राहिली तर ती पोकळी धातूत उघडी पडते.

सर्वांत नाजूक भाग पोट कोरण्याचा आहे. मेण हातात हलके लागते आणि तेच फसविते. ०.६० ग्रॅम मेणाची अंगठी ९२५ टंचाच्या चांदीत सुमारे ६.२ ग्रॅम, अठरा कॅरटमध्ये सुमारे ९.३ ग्रॅम आणि बावीस कॅरट म्हणजे ९१६ च्या सोन्यात सुमारे १०.७ ग्रॅम भरते, म्हणजे आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याहूनही अधिक. म्हणून मुद्रेच्या किंवा घुमटाच्या खालचे मेण आतून गोल टोकाच्या बरने, म्हणजे फिरत्या लहान हत्याराने, पोखरतात आणि नमुना उजेडासमोर धरून जाडी पाहतात. जेथे उजेड फाकतो तेथे हात थांबतो. भिंत एक मिलिमीटरच्या आसपास असावी हा सावध नियम आहे, त्याहून फार पातळ झाल्यास रस पोहोचण्यापूर्वीच गोठण्याची भीती असते. बोटाखालचा पट्टा याहून जाड ठेवावा, कारण झीज तेथेच सर्वाधिक होते. मेणावरील प्रत्येक ओरखडा धातूत जसाच्या तसा उतरतो. मेणातला ओरखडा नायलॉनच्या कापडाने क्षणात जातो, सोन्यातला काढताना घट येते.

ओतनळी नेहमी सर्वांत जाड भागाला जोडतात, जेणेकरून तो भाग गोठेपर्यंत नळीतून त्याला रस मिळत राहील. पुढची कृती कोरणाऱ्याच्या हातची नसते. जिप्सम आणि सिलिकायुक्त पावडर, शंभर भागांस पाण्याचे ३८ ते ४० भाग या प्रमाणात कालवून, निर्वात करून नमुना ठेवलेल्या फ्लास्कमध्ये, म्हणजे धातूच्या नळकांड्यात, भरतात आणि भट्टीत ७३० अंशांच्या आसपासपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवितात. त्याहून फार वर गेल्यास जिप्सम विघटन पावून गंधकयुक्त वायू सुटतात आणि नगाला बारीक छिद्रे पडतात. प्लॅटिनमला वेगळी, फॉस्फेटयुक्त पावडर लागते.

कोल्हापूरच्या दागिन्यांत या पद्धतीचे स्थान मर्यादित पण स्पष्ट आहे. अंबाबाईच्या मंदिराजवळील गुजरीची ओळख साज, ठुशी, पुतळीमाळ यांनी आहे आणि ते काम मूलतः पत्र्याचे आहे. साजाची पाने पातळ पत्रा ठशावर ठोकून उठवितात आणि आत लाख भरतात, त्यामुळे थोड्या सोन्यात मोठा दागिना उभा राहतो. ओतीव अंगठी याच्या उलट, भरीव आणि वजनदार असते. ज्या सोनाराचा हात पत्र्यावर बसला आहे त्याला मेणाचे पोट कोरताना जाडीची जाण आधीच असते, आणि मेणाकडून पत्र्याकडे जाणाऱ्याला ती नव्याने कमवावी लागते. हुपरीच्या चांदीकामात पैंजण, जोडवी यांसारखे अनेक सारखे नग लागतात. अशा कामाला एकेक नमुना कोरण्यापेक्षा डाय सोयीची असते. हाताने कोरलेल्या मेणाची गरज उरते ती मुद्रेची अंगठी, घराण्याचे चिन्ह, देवाची प्रतिमा किंवा एखाद्या जुन्या झिजलेल्या अंगठीची जोड अशा एकेरी कामांत. संगणकावर आरेखन करून यंत्राने छापलेले मेणाचे नमुने आता यांपैकीही बरेच काम करतात. सममित आणि काटेकोर आकारात ते सरस ठरतात; देवीच्या मुखासारख्या जागी, जेथे नाकाची रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठरते, तेथे छापलेल्या नमुन्यावरही शेवटचा हात कोरणीनेच फिरवितात.