दहावा खटका

एका ओळीत ३० खटके. पहिल्यावर १५ व्होल्ट लिहिलेलं, पुढे दर खटक्याला १५ची भर आणि शेवटच्यावर ४५०. खाली पट्ट्या लावलेल्या: ‘सौम्य शॉक’, मग ‘मध्यम’, ‘तीव्र’ असं चढत चढत ‘धोका: जबर शॉक’. अगदी शेवटच्या खटक्यांखाली शब्दच नाहीत, नुसत्या तीन फुल्या. खटका दाबला की लाल दिवा लागायचा, यंत्र गुणगुणायचं, व्होल्टमीटरचा काटा उजवीकडे झुकायचा. वीज मात्र पलीकडे कुठेच जात नव्हती. तिशीही न गाठलेला स्टॅनले मिलग्रॅम हा मानसशास्त्रज्ञ ऑगस्ट १९६१मध्ये हे यंत्र घेऊन अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्रयोगाला बसला. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये ज्यूंच्या कत्तलीतला नाझी अधिकारी आइखमन याच्यावरचा खटला चालू होता आणि ‘मी फक्त हुकूम पाळला’ हा बचाव जगभर चर्चेत होता.

या प्रयोगाचा एक आकडा पुष्कळांना माहीत असतो: ६५ टक्के. इतके लोक शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. त्यावरून ‘माणूस मुळातच आज्ञाधारक’ असा निकाल लावून लोक मोकळे होतात. मिलग्रॅमने मात्र मांडणी बदलून बदलून वीसहून जास्त प्रकारे प्रयोग केला. त्यात शेवटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण कधी शून्यावर आलं, तर कधी नव्वदच्या वर गेलं. माणसं त्याच परिसरातली, यंत्र तेच. मग फरक कशाने पडला, हे कळण्यासाठी तिसाव्या खटक्यापेक्षा दहाव्याकडे बघावं लागतं.

आधी कृती. स्मरणशक्तीवरच्या प्रयोगासाठी माणसं हवीत, अशी जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात दिली होती. तासाभराचे ४ डॉलर आणि येण्याजाण्याचे ५० सेंट. पुढे काहीही झालं तरी हे पैसे तुमचेच, असं आल्याआल्याच सांगितलं जाई, म्हणजे पैशापायी दाबले असं म्हणायला जागा नाही. सोबत आणखी एक ‘उमेदवार’ असायचा: ४७ वर्षांचा, साधासरळ दिसणारा हिशेबनीस. हा मिलग्रॅमचाच माणूस. ‘शिक्षक’ कोण आणि ‘विद्यार्थी’ कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरे, पण दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’च लिहिलेलं असे. हिशेबनिसाला शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधून मनगटाला इलेक्ट्रोड लावत. यंत्र खरं वाटावं म्हणून शिक्षकाला ४५ व्होल्टचा एक शॉक खरोखर दिला जाई. मग शब्दांच्या जोड्या वाचून दाखवायच्या, नंतर जोडीतला पहिला शब्द आणि चार पर्याय द्यायचे. उत्तर चुकलं की शॉक, आणि दर चुकीला एक खटका वर.

विद्यार्थ्याचा आवाज टेपवरचा होता, त्यामुळे प्रत्येकाला अगदी तोच ऐकू येई. ७५ व्होल्टला कण्हणं. १२०ला ‘दुखतंय’ म्हणून ओरडणं. १५०ला, म्हणजे दहाव्या खटक्यावर, तो पहिल्यांदा म्हणतो: बस्स झालं, मला बाहेर काढा. २७०ला किंकाळी, ३००ला उत्तर द्यायला नकार आणि ३३०नंतर शांतता. एका मांडणीत त्याने सुरुवातीलाच आपल्याला हृदयाचा त्रास असल्याचं सांगून ठेवलेलं होतं.

प्रयोगाआधी मिलग्रॅमने ४० मनोविकारतज्ज्ञांना अंदाज विचारला. बहुतेक लोक १५०च्या पुढे जाणार नाहीत आणि हजारात एखादाच शेवट गाठेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. हृदयविकाराच्या मांडणीत ४०पैकी २६ जण शेवटापर्यंत गेले. तज्ज्ञांचा आकडा साफ चुकला. पण थांबायची जागा कोणती, ही त्यांची अटकळ अगदीच वाया गेली नव्हती. जे १४ थांबले, त्यातले निम्मे १५०पर्यंतच थांबले होते. उरलेल्या ३३ जणांनी दहावा खटका ओलांडला आणि त्यातल्या २६ जणांनी शेवट गाठला. २००८मध्ये मानसशास्त्रज्ञ डॉमिनिक पॅकर यांनी मिलग्रॅमच्या आठ मांडण्यांमधली आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हाही नकाराची सर्वांत मोठी शक्यता १५०वरच सापडली. त्यानंतर किंकाळ्या वाढतात, पण थांबणारे त्या प्रमाणात वाढत नाहीत.

हे जरा चमत्कारिक आहे. वेदनेची दया येऊन लोक थांबत असते तर २७०च्या किंकाळीला जास्त थांबायला हवे होते. पण १५०ला काहीतरी वेगळं घडतं. तोवर विद्यार्थी फक्त दुखतंय म्हणत होता, आता तो संमती काढून घेतो. एकदा हे ऐकूनही १६५चा खटका दाबला, की पुढे अडचण आपली आपल्याशीच असते. १८०ला थांबायचं म्हणजे १६५ दाबणं चूक होतं हे कबूल करायचं. दोन खटक्यांमध्ये अंतर फक्त १५ व्होल्टचं असल्यामुळे ‘आता मात्र हद्द झाली’ म्हणायला ठळक जागा मिळत नाही. एकदम ४५० दाबायला सांगितलं असतं, तर कितीजणांनी हात लावला असता?

जेरी बर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेमका याच जागेचा उपयोग करून घेतला. आज मूळ प्रयोग जसाच्या तसा करायला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. म्हणून त्याने १५०ला मागणी ऐकल्यावर माणूस पुढे जायला निघतो का, एवढंच पाहिलं आणि तिथे प्रयोग थांबवला. ४०पैकी २८ जण पुढे निघाले होते, म्हणजे ७० टक्के. मिलग्रॅमकडे याच टप्प्यावर ८२.५ टक्के होते. ४५ वर्षं उलटून एवढाच फरक.

मांडणी बदलली की काय होतं ते आता बघू. विद्यार्थी त्याच खोलीत बसवला, तर शेवट गाठणारे ४० टक्के झाले. त्याचा हात धरून धातूच्या पट्टीवर दाबायचा असला, तर ३० टक्के. प्रयोगकर्ता सूचना देऊन निघून गेला आणि पुढचं फोनवरून सांगू लागला, तर जेमतेम पाचवा हिस्सा. या वेळी काहीजण फोनवर ‘हो, वाढवतोय’ म्हणत आणि सर्वांत खालचाच खटका दाबत राहत. उघड नकार देण्यापेक्षा लपून सूट देणं सोपं जातं, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्याला वेगळं सांगायला नको. येलचं नाव काढून ब्रिजपोर्ट शहरातल्या एका साध्या ऑफिसात प्रयोग हलवला, तर ४७.५ टक्के. भाग घेणाऱ्या सगळ्या स्त्रिया असल्या तरी आकडा ६५च राहिला.

सर्वांत बोलक्या मांडण्या मात्र सोबत कोण आहे यावरच्या. शिक्षकाच्या बाजूला मिलग्रॅमची दोन माणसं सहशिक्षक म्हणून बसवली. त्यातला एक १५०ला उठला, दुसरा २१०ला. मग ४०पैकी फक्त ४ जण शेवटापर्यंत गेले. उलट, खटका दाबायचं काम दुसऱ्याकडे आणि खऱ्या उमेदवाराकडे नुसतं दुय्यम काम दिलं, तर ४०पैकी ३७ जण गप्प बसून राहिले. आणि एकदा दोन प्रयोगकर्ते ठेवले. १५०ला एक म्हणाला थांबा, दुसरा म्हणाला चालू ठेवा. २०पैकी १८ जण तिथल्या तिथे थांबले, एक त्याआधीच थांबला होता आणि एक फक्त एक खटका पुढे गेला. तज्ज्ञ म्हणून बसलेले दोघं आपसांत भांडले, की आज्ञापालन जवळपास संपतंच.

एका साथीदाराचं हे वजन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी दहा वर्षं आधीच दाखवलं होतं, आणि मिलग्रॅमने त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. अ‍ॅश यांच्या प्रयोगात रेषांची लांबी सांगायची असे, म्हणजे लहान मूलही चुकणार नाही असं काम. बाकी सगळे ठरवून चुकीचं सांगत, आणि सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या मागे वाहवत जात. पण गटात एकच माणूस खरं बोलला, की चुका आधीच्या साधारण एक चतुर्थांशच उरत. विशेष म्हणजे तो बरोबर नसला तरी चाले. बहुमताहून निराळं, पण तेही चुकीचंच उत्तर त्याने दिलं, तरी बघणाऱ्याची जीभ मोकळी होई.

आता हुकमाकडे येऊ. शिक्षक अडखळला की प्रयोगकर्ता चार वाक्यं क्रमाने बोलायचा: कृपया चालू ठेवा, प्रयोगासाठी तुम्ही चालू ठेवणं गरजेचं आहे, तुम्ही चालू ठेवणं अत्यंत आवश्यक आहे, तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तुम्हाला पुढे जावंच लागेल. खरा हुकूम म्हणावा असं यात चौथंच वाक्य आहे. बर्गरच्या प्रयोगात ते ऐकल्यावर एकही माणूस पुढे गेला नाही. ‘पर्याय नाही’ म्हटल्याबरोबर लोकांना पर्याय दिसला. चालत होतं ते ‘प्रयोगासाठी गरजेचं आहे’ हे वाक्य. अ‍ॅलेक्स हॅस्लम आणि स्टीफन राइशर हे दोघं मानसशास्त्रज्ञ म्हणतात, लोक धाकाने दबले नव्हते. विज्ञानाचं मोठं काम चाललंय आणि आपण त्याला हातभार लावतोय, या समजुतीने ते पुढे जात होते. मला हे स्पष्टीकरण ‘आंधळ्या आज्ञापालना’पेक्षा पटतं. पण त्यातून माणसाबद्दल दिलासा मिळतो, असं नाही.

मिलग्रॅमचं काम निर्दोषही नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या मानसशास्त्रज्ञ जीना पेरी यांनी येलमधल्या टेप ऐकल्या, तेव्हा प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्यं सोडून बराच वेळ समजावत, दटावत असल्याचं दिसलं. शॉक खोटे होते हे कित्येकांना त्याच दिवशी नीट सांगितलं गेलं नाही. ते समजलं कित्येक महिन्यांनी, पोस्टाने आलेल्या अहवालातून. काहींना नाटकाचा वासही आला होता, आणि ज्यांना वेदना खरी वाटली त्यांच्यात थांबण्याकडे कल जास्त होता. म्हणून ६५ हा नेमका आकडा फार घट्ट धरू नये. मांडणीगणिक होणारा चढउतार मात्र सहज उडवून लावता येत नाही.

प्रयोगशाळेबाहेरही तोच चढउतार दिसतो. १९६६मध्ये मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या २२ परिचारिकांना रात्री फोन केला. बोलणारा अनोळखी ‘डॉक्टर’. ‘अ‍ॅस्ट्रोटेन’ नावाचं औषध २० मिलिग्रॅम द्या, म्हणाला. डबीवर दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम छापलेली होती, औषध वॉर्डच्या यादीत नव्हतं आणि फोनवरून आदेश घेणं नियमाविरुद्ध होतं. तरी २१ जणी औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या; वाटेत त्यांना थांबवलं गेलं. (गोळ्या निरुपद्रवी होत्या.) १९७७मध्ये असाच प्रयोग पुन्हा झाला, पण औषध ओळखीचं व्हॅलियम, आणि परिचारिकांना एकमेकींशी बोलायची मोकळीक. या वेळी १८पैकी फक्त दोघी जादा मात्रा द्यायला तयार झाल्या. ओळखीचं औषध आणि शेजारी विचारायला कोणीतरी: एवढ्याने चित्र पालटलं.

आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’ची फसवणूक करणारे या मांडण्या जणू अभ्यासून आल्यासारखे वागतात. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, अशी सुरुवात; मग ‘मुंबई क्राइम ब्रँच’ किंवा सीबीआयचा गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर. आधी फक्त नाव सांगा, मग आधार क्रमांक, मग जबाब, मग खात्यात किती आहेत ते, आणि शेवटी ‘पडताळणीसाठी’ रक्कम वळती करा, नंतर परत मिळेल. चढाव तोच, १५-१५ व्होल्टचा. कॅमेरा बंद करू देत नाहीत, कारण अधिकारी खोलीत असला की पकड राहते आणि नुसता फोनवर असला की सुटते. घरच्यांना सांगू नका, हे प्रकरण गोपनीय आहे, असं बजावतात. म्हणजे १५०ला उठणारा दुसरा माणूस जवळ राहूच नये. आणि काम कसलं? ‘तपासाला सहकार्य’.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही, आणि रिझर्व्ह बँक पडताळणीसाठी कोणाचे पैसे मागून घेत नाही. असा कॉल आला तर त्या माणसाशी वाद घालत बसू नये, कारण प्रत्येक उत्तर म्हणजे आणखी एक खटका. ‘कोणालाही सांगू नका’ हे वाक्य ऐकलं की तोच दहावा खटका समजावा: कॉल कापायचा, घरात किंवा शेजारी असलेल्या माणसाला सगळं मोठ्याने सांगायचं, आणि आलेल्या नंबरवर परत न करता जवळच्या पोलीस ठाण्याला दुसऱ्या फोनवरून विचारायचं. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. तोवर रक्कम पुढच्या खात्यांत सरकली नसेल, तर बँकेला ती गोठवता येते.